ओनिक्कोची दुसरी झुंज

तीर्थस्वरूप फुसाए मावशीस, ठावठिकाणा एकदाचा सापडलेल्या रोकुरोचा वाकून नमस्कार.

मावशी, तुझ्या पार्सलची पोच द्यायला एवढा उशीर झाला याचा दोष ऋतूंना दे. पत्राची सुरुवात ऋतूच्या चार शब्दांनी करायची हे तूच मला कान धरून शिकवलंस, आणि माझं पहिलं वाक्य लिहून दुसरं सुचेपर्यंत ऋतू निघून जातो. आधी लिहिलं होतं, ‘डोंगर मेपलच्या पानांनी पेटले आहेत.’ तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, मी उठलो, परत येऊन बसतो तर पानं झडलेली. मग बर्फावरून सुरुवात केली. ते वितळलं. आता खिडकीबाहेर प्लमच्या झाडाला कळ्या आल्यात आणि त्या उमलायच्या आत हा कागद पाकिटात घालायचाच असं ठरवून बसलोय. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला? त्सुनेओ आता माझ्या खांद्याला लागत असेल. (मी आलो की त्याने माझ्याशी उंची मोजायची नाही, हे आधीच सांगून ठेव.)

तर, पार्सल पोचलं. वाळवलेली पर्सिमन फळं, तुझ्या हातचं सोयाबीनचं मिसो, लोकरीचे मोजे (अगदी बरोबर बसले), आणि ते यंत्र. मावशी, आजवर मला कुणी काय काय दिलंय, त्या सगळ्यात या यंत्राइतकं मोलाचं काही नाही. हे मी मनापासून लिहितोय, पण त्याआधी एक तक्रार. सोबतच्या चिठ्ठीत तू फक्त एवढंच लिहिलं होतंस की ‘हे वाजलं की लक्ष देत जा.’ आता मोचीच्या वडीएवढी प्लॅस्टिकची डबी, तिला काचेची चिमुकली खिडकी, तीन बटणं, आणि वरून हा मजकूर! मला वाटलं, तू पेजर पाठवलास. म्हणजे ते वाजलं की मावशी बोलावतेय. आणि ते दिवसभर वाजायचं! मी म्हटलं, बाई फारच भडकलीय. प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून बंदरावरच्या फोनपर्यंत जायचो, तुझा नंबर फिरवायचो आणि तू उचललास की घाबरून खाली ठेवायचो. (त्या दिवसांत तुझा फोन वाजला असेल आणि पलीकडून कुणी बोललं नसेल, तर तो मीच.) शेवटी धीर सुटला आणि डबी शेडमध्ये पेंढ्याखाली पुरून टाकली.

शेड म्हणजे माकूळ वाळवायची शेड. इथे ओकी बेटावर मी कसा आलो ते राहिलंच. मला खरं तर द्राक्षांच्या मळ्यावर जायचं होतं, पण बंदरावर एका माणसाशी बोलताना चुकीच्या बोटीच्या रांगेत उभा राहिलो, आणि बोट सुटल्यावर कळलं की द्राक्षं उलट्या दिशेला आहेत. धक्क्यावर उतरलो तर एक म्हातारा पाण्यातून होडी ओढत होता. मी हात लावला. त्याने नाव विचारायच्या आधी विचारलं, जेवलास का? ते इवामात्सु आजोबा. त्यांची बायको हात्सुनो आजी. नऊ वर्षांची नात मिझुए. तेव्हापासून मी त्यांच्याकडे दोरीवर माकूळ टांगतो आणि त्यांच्याच घरी जेवतो, झोपतो.

तर, पेंढ्यातला तो आवाज मिझुएने ऐकला. डबी उकरून माझ्यासमोर धरली आणि माझ्याकडे असं बघितलं की मावशी, तूसुद्धा माझ्याकडे कधी तसं बघितलं नाहीस. “रोकुरोदादा, हा उपाशी आहे. आजारी आहे. आणि केवढी घाण साठलीय! माणूस आहेस का कोण?” तेव्हा कळलं की तो पेजर नसून ओनिक्को आहे, राक्षसाचं पोर. त्याला बटणं दाबून भरवायचं, औषध द्यायचं, घाण काढायची, कसरत करून घ्यायची. दुर्लक्ष झालं तर ते मरतं. नीट सांभाळलं तर त्याला शिंगं फुटतात, मग आपल्या डबीचं डोकं दुसऱ्याच्या डबीच्या डोक्याला टेकवलं की दोघं लढतात. आणि मावशी, काय सांगू! एकदा हे कळल्यावर मी त्याची एक हाक चुकवली नाही. शेडमधल्या सगळ्यात वरच्या दोरीपर्यंत चढलेलो असलो तरी उतरायचो. ज्या भाच्याने एका गावात एक ऋतू धड काढला नाही, तो इथे दुसरा ऋतू काढतोय, कारण निघायचं म्हटलं की ह्याची जेवायची वेळ होते. शिंगं तर अशी फुटली की मिझुए माझ्या बाजूने शाळेत बढाया मारू लागली.

आणि तिथेच घात झाला.

इथल्या सुमोची रीत तुला सांगायला हवी. बाकी जगात एक झुंज होते, एक जिंकतो, एक तोंड पाडून घरी जातो. इथे झुंजी दोन. पहिली हाडं मोडेस्तोवर खरी. पण ती जिंकणाऱ्याने दुसरी समोरच्याला द्यायची. हिशेब एकास एक. झुंजी होतात त्या देवळाच्या टेकडीवरून कुणीही हरलेला उतरत नाही. बेट केवढं, माणसं किती! आज ज्याला मातीत लोळवलं, त्याच्याच होडीत उद्या बसायचंय. तरुणपणी देवळाचं छप्पर नवं झालं तेव्हा इवामात्सु आजोबा खिंडीपलीकडच्या गोन्पेइ आजोबांशी असेच भिडले होते, एकेक घेतली, आणि त्या दिवसापासून दोघं भावाहून भाऊ. वाकामे शेवाळ काढायला दोघांची मिळून एक होडी. एक वल्हवतो, दुसरा काचेच्या पेटीतून तळ बघत कापतो. (कोण चांगलं वल्हवतो यावर दोघांचं भांडण आहे, पण ते प्रेमाचं.)

नव्या वर्षाच्या मोचीचा भात कुटायला गोन्पेइ आजोबा नातवाला, दाइगोला, घेऊन खिंड ओलांडून आले. दाइगोकडेही ओनिक्को. मग काय, मिझुएने माझी डबी पळवली, पोरांनी डोकी टेकवली, आणि मोची सोडून सगळं अंगण गोळा झालं. हात्सुनो आजीने सुमोत टाकतात तशी मूठभर मिठाची फेक केली, त्यातलं थोडं माझ्या यंत्राच्या आत गेलं. (तेव्हापासून ते घोगरं ओरडतं.) पहिली झुंज आम्ही जिंकली. टाळ्या, हशा, सगळं छान.

“आता दे,” इवामात्सु आजोबा म्हणाले.

“काय देऊ?”

“दुसरी दे रे! पहिली घेतलीस ना? कुठल्या जंगलातून आलायस?”

मी डबी तोंडाशी धरून विनवलं, बाळा, या खेपेला जरा पड. डोकी टेकली. आमचंच जिंकलं. इवामात्सु आजोबा खाकरले, म्हणाले, ही धरायची नाही, त्याला ऐकू आलं नसेल. पुन्हा टेकवली. पुन्हा जिंकलं, आणि मावशी, त्या नालायकाने काचेआड उड्या मारल्या! गोन्पेइ आजोबा उठले. “इवा, तुझ्या अंगणात माझा नातू तीनदा पडला. आपण दोघं जोरात होतो तेव्हासुद्धा एकेकच होती.” आणि निघून गेले. दाइगोला काहीच वाटलं नव्हतं, त्याचं तोंड मोचीने भरलेलं होतं. त्याला तसंच बखोट धरून ओढत नेलं.

तेव्हापासून खिंडीतून कुणी आलं नाही, इथून कुणी गेलं नाही. वाकामेचा हंगाम तोंडावर आलाय आणि होडी उलटी पडलीय. यात दोष माझा, हे मला दिसत होतं. पण मावशी, मला कुणी शब्दाने बोललं नाही. माझ्या वाटीतलं सूप पातळ झालं नाही. म्हणूनच जास्त लागलं. ओरडले असते तर मी नेहमीसारखा पिशवी उचलून बोट पकडली असती. (चुकीची का होईना.) भरपाई म्हणून मी म्हटलं, होडीत मी येतो. आजोबांनी वल्हं दिलं. मी होडी जागच्या जागी अशी फिरवली की त्यांना काचेतून एकच दगड पुन्हा पुन्हा दिसत राहिला. शेवटी म्हणाले, “पोरा, या दगडाशी माझी ओळख झाली, आता घरी चल.”

उपाय एकच, उरलेली दुसरी झुंज द्यायची. त्यासाठी ओनिक्को जरा दुबळा व्हायला हवा. मी ठरवलं, दुर्लक्ष करायचं. (या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, तुला माहीत आहे.) डबी शेडच्या फळीवर ठेवली आणि कान बंद केले. चार दिवसांनी बघतो तर ओनिक्को आधीपेक्षा टुणटुणीत! मग पहारा केला. हात्सुनो आजी येता-जाता भरवत होती. मी रागावलो तर म्हणाली, “घरात कुणी ओरडत असेल तर आधी खायला घालायचं, मग विचारायचं काय झालं ते.” माकूळ चिरणाऱ्या बायका त्याच्या शाईने काळ्याशार झालेल्या बोटांनी डबीतली घाण काढत होत्या. पोस्टमन औषध देऊन जात होता. आणि एका दुपारी शेडमागे प्रत्यक्ष इवामात्सु आजोबा सापडले, दात कोरायच्या काडीने बटण दाबताना, कारण त्यांच्या अंगठ्याखाली तिन्ही बटणं एकदम जातात. “कसरत घेत होतो,” म्हणाले. “बाहेर बोललास तर बघ.” मावशी, अशा गावात कुणी दुबळं होणार तरी कसं? (माझी पँट बसेनाशी झालीय. तू पाठवशील तर एक माप मोठी पाठव.)

शेवटी आजीनेच तोड काढली. “त्याला गोन्पेइच्या घरी पाठव. त्या घरचं मांजरसुद्धा जेवायला खिंड ओलांडून आपल्याकडे येतं.” म्हणजे डब्यांची अदलाबदल. आमचा तिकडे वाळेल, त्यांचा इकडे फुगेल, मग परत आपापला घेऊन झुंज लावायची. पोरांचं वैर कधी नव्हतंच, शाळा सुटल्यावर खिंडीच्या माथ्यावर भेटून त्यांनी लगेच डब्या बदलल्या. शाळेत डबी न्यायला बंदी आहे, त्यामुळे दिवसभर आमचा ओनिक्को खिंडीपलीकडे घरात पडून असणार, आणि घरात दिवसा एकटे गोन्पेइ आजोबा. ते तर दाइगोला म्हणालेत, तुझ्या त्या भुताला मी काठीनेही शिवणार नाही. म्हणजे बेत पक्का. कालच पाठवला. दाइगोचा आमच्याकडे आहे आणि बायका त्याला भरवताहेत.

पण मावशी, खरं सांगू? काल शेडमध्ये फळी रिकामी दिसली आणि घास उतरेना. तो तिकडे घोगऱ्या आवाजात ओरडत असेल आणि कुणी उठत नसेल. तू एवढीशी वस्तू पाठवलीस आणि तिने मला एका जागी बसवलं, एवढ्या माणसांत बसवलं. तुझे उपकार कसे फेडू ते सांग. काकांना नमस्कार, त्सुनेओला टप्पल.

तुझा,
रोकुरो

ता. क. मोजे बरोबर बसले असं वर लिहिलंय. ते हात्सुनो आजीला बसले. तिने पार्सल फोडतानाच घातले आणि मला मागायचा धीर झाला नाही.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. आभार मनापासूनचे आहेत, कामासाठी मानलेले नाहीत, पण काम आहे. पार्सलनंतरच्या पत्रात तू लिहिलं होतंस की त्सुनेओ वर्गात सगळ्यांशी ओनिक्को खेळतो आणि सगळ्यांशी हरतो. मावशी, इथे मला जिंकायचं कसं हे सांगणारे वीस जण आहेत. ओनिक्को न मारता, न आजारी पाडता, हरायचं कसं हे त्याला विचारून उलट टपाली कळव. अगदी पायरीपायरीने. त्याला वाईट वाटू देऊ नकोस, सांग की एक होडी त्याच्यावर अडून आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तोच अंगणात घोगरा आवाज आला. बाहेर बघतो तर गोन्पेइ आजोबा! एकटेच, खिंड चढून धापा टाकत, आणि आमची डबी दोन्ही हातांत अंगापासून लांब धरलेली, दुपटं ओलं केलेलं तान्हं बाळ पुरुषमाणसं धरतात तशी. माझ्याकडे बघत नाहीत, आजीकडे बघत नाहीत. थेट इवामात्सु आजोबांसमोर उभे राहून म्हणाले, “इवा, हा सकाळपासून रडतोय. काय खातो हा?” इवामात्सु आजोबा काडी शोधायला आत धावलेत. हे पत्र इथेच थांबवतो—