मागून साफ

मंगळवार, संध्याकाळ. उधना.

चहा तसाच ठेवून लिहायला बसलेय. सारखा तो कागद उलटणारा हात दिसतोय.

नव्या औषधाच्या चाचणीचा तक्ता मीच मराठीत केला होता. पुढच्या बाजूला फायदे, मागच्या बाजूला धोके. पेशंटला समजावून सही घ्यायची, हे माझं काम. पण झेरॉक्स एकाच बाजूची निघाली आणि मी पाहिलंच नाही. का नाही पाहिलं? घाई होती म्हणे!

सही करायला आलेल्या सुकलालभाऊंनी पाहिलं. मिलमध्ये आयुष्य कापड तपासण्यात गेलेलं, हातात येईल ते आधी उलटून बघणार. माझा कागदही उलटला. कोरा. "मांगून साफ शे, ताई," म्हणत हसले आणि सही केली. मीही हसले. तेव्हा तरी लक्षात यायला हवं होतं...

आज त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. मूळ तक्ता काढून उलटला. मागची पहिलीच ओळ, कावीळ.

वॉर्डाबाहेर त्यांच्या बायकोने गाठलं. "हाई कागदमा व्हतं का, ताई?"

मी "होतं" म्हणाले.

"मंग यासनीच नीट पाह्यं नही," ती म्हणाली.