प्रस्थान ठेवलेली सायकल

नाशिक,
पौष, कडाक्याची थंडी

ती. मल्हारीदादास,

योगिनीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. हल्ली कंबर अजिबात दुखत नाही, कशाने ते देवीला माहीत.) वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? तू पाठवलेली नागली पोचली, तिचे पापड केले आणि त्यातले निम्मे वाया गेले. कसे, ते पुढे येईलच. तुमच्या सुरगाण्याच्या डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी मी बोलू कशावरून? घरातले दोन्ही फोन आणि टीव्ही तुझ्या दाजींनी जगप्रवासासाठी ताब्यात घेतले आहेत. म्हणून हे पत्र तिकडच्या जीपवाल्याच्या हाती पाठवते आहे.

दाजींना सायकलवरून पृथ्वीला फेरी मारायची आहे, हे तुला ठाऊक आहे. तुलाच काय, आमच्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. ओझरच्या कारखान्यातून सुटल्यावर (निवृत्त झाले, सुटलो असं तेच म्हणतात, जसं काही घरी त्यांना मोकळंच सोडणार होते) पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुठल्याशा वाळवंटात एकटाच पॅडल मारणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला आणि डोळे पुसले. तेव्हापासून घरात प्रेरणा येऊ लागली. आमच्याकडे प्रेरणेचं गॅस सिलिंडरसारखं झालं आहे. एक चालू असतानाच दुसरी भरून ठेवावी लागते. सकाळी चहाबरोबर एक, जेवताना एक, आणि दुपारी झोप लागेपर्यंत एक मोठी, दोन भागांतली.

प्रेरणेच्या मागोमाग आले रिसोर्सेस. हा त्यांचा शब्द. म्हणजे नकाशे, ब्लॉग, ग्रुप आणि ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा लोकांचे सल्ले. कझाकस्तानात पाणी कुठे मिळतं, नॉर्वेत कुणाच्या रानात तंबू ठोकला तर चालतो, पेरूमध्ये कुत्री मागे लागली तर काय करायचं, सगळं त्यांना पाठ आहे. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल मात्र कुठल्याच साईटवर काही नाही, म्हणून भाजी आणायला मी जाते. कॅनडात अस्वल समोर आलं तर हात वर करून, शांत आवाजात बोलत मागे सरकायचं, हे त्यांनी मला दिवाणखान्यात करून दाखवलं होतं. पावसाळ्यात आमच्या कॉलनीत बिबट्या आल्याची आवई उठली, तेव्हा हे बाथरूमची कडी लावून आत बसले. हात वर होते की नाही ते कळलं नाही, पण आवाज शांत नव्हता. पुढे गच्चीवर तंबूची चाचणी झाली. नागलीचे पापड वाळत घातले होते, त्यावरच. सपाट जागा निवडावी असं म्हणे रिसोर्समध्ये लिहिलं होतं.

आता सायकलीचं सांगते. दसऱ्याला निघायचं ठरलं होतं. फुटपाथवर फिरायला येणाऱ्या मंडळींनी आधीच सत्कार उरकून घेतला. शाल, नारळ आणि चौकात ‘जगजेत्या सायकलवीराचे अभिनंदन’ असा फ्लेक्स. (जग जिंकून झालं असावं, मला सांगायचं राहिलं.) पण पावसाच्या कोटाचं पार्सल आलं नाही, आणि कोटाशिवाय युरोपात कसं जाणार? मुहूर्त तर हुकता कामा नये. मग गुरुजींनी सुचवलं, प्रस्थान ठेवा. आपले आजोबा नाही का, निघायला उशीर होणार असला की तांदूळ-सुपारीची पुरचुंडी शेजारी नेऊन ठेवायचे? पुरचुंडी निघाली की माणूस निघाला असं धरायचं. लोक पुरचुंडी ठेवतात, ह्यांनी अख्खी सायकलच ठेवली. पिशव्या लावलेली, हार घातलेली. युरोप पश्चिमेला, म्हणून पश्चिमेकडचं घर निवडलं, ते समोरच्या चिमाजीनानांचं. असं आमचं सीमोल्लंघन गल्ली ओलांडून पार पडलं. मी तेव्हा डोळ्यांत पाणी आणून हातावर दही ठेवलं होतं, हे आठवलं की माझंच मला हसू येतं.

पार्सल आठ दिवसांत आलं. त्यानंतर गुडघा आला, मग दिवाळी, मग व्हिसाबद्दल चौकशी करायची होती, मग थंडी. सायकल नानांच्या पोर्चमध्येच. आणि गुरुजी म्हणतात, ठेवलेलं प्रस्थान माघारी घरात आणायचं नसतं, त्याने पुढेच जायचं असतं. शाल माझ्या पायांवर आहे, नारळाची चटणी झाली, चौकातल्या फ्लेक्सवरचे हे उन्हाने पिवळे पडले आणि आता कावीळ झाल्यासारखे दिसतात.

मध्येच दिवाळीनंतर एक डच बाई आल्या. सायकलवाल्यांना फुकट उतरू देणाऱ्यांच्या कुठल्याशा साईटवर ह्यांनी आपलं नाव घालून ठेवलं होतं. माझ्याच वयाच्या, केस पांढरे, पाय उन्हाने रापलेले. तीन भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि दोन्हीचं नाव विचारलं. ह्यांनी त्यांना स्वयंपाकघरातून उठूच दिलं नाही, नकाशे दाखवले, इराणमधला रस्ता समजावून सांगितला. त्या इराणमधूनच आल्या होत्या, पण ऐकून घेतलं बिचारीने. सकाळी त्या म्हणाल्या, चला, त्र्यंबकपर्यंत बरोबर जाऊ. तेव्हा ह्यांचा गुडघा असा काही दुखायला लागला की मलाच शेक द्यावा लागला. मग त्या माझ्याबरोबर नानांकडे आल्या, सायकल पाहिली, माझ्याकडे पाहिलं, खिशातून पाना काढला आणि सीट चांगली चार बोटं खाली केली. ह्यांना ते अजून कळलेलं नाही, कारण कळायला बसावं लागतं.

खरं सांगू का दादा, मला राग येतो. जायचं नसेल तर नको जाऊ दे. साठीच्या माणसाने घरी बसावं, त्यात वाईट काही नाही. पण न जाताच दमलेला चेहरा करून बसतात, आणि मी एकदाच म्हटलं होतं की वणीपर्यंत तरी मीही येते, तर मान वर न करता म्हणाले, तुला नाही झेपणार. तू मला आपल्या मळ्यातल्या वाटेवर, तुझ्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून चालवायला शिकवलं होतंस. ते वाक्य मला अजून लागलेलं आहे.

आता तातडी अशी की नानांच्या लेकीचं, स्नेहाचं, माघात लग्न आहे. काल नाना फाटकाशी येऊन, टोपी काढून म्हणाले, “ताई, सायकल लय गुणी हाय, कधी कुरकुरली नाय. पण सोमवारी रंगारी येतोय.” सायकल तिथे राहू शकत नाही, घरी येऊ शकत नाही, आणि हे जात नाहीत. तेव्हा तू वडीलधारा म्हणून दाजींना चार शब्द समजावून लिही, एवढीच विनंती. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
योगिनी

ता. क. चार शब्द लिहायचं राहू दे. गेले दोन महिने दुपारी ह्यांची मोठी प्रेरणा चालू झाली की मी ‘सायकल पुसून येते’ म्हणून नानांकडे जाते. स्नेहा स्कूटीवर मागे आणि मी सायकलवर पुढे. पहिल्यांदा मखमलाबादपर्यंत, मग दिंडोरी, आणि गेल्या मंगळवारी सकाळच्याच प्रेरणेला निघून वणी. देवीला खालूनच हात जोडले. घरी कुणी विचारलं नाही की पुसायला एवढा वेळ का लागला. सीट मला अगदी बरोबर बसते.

ता. क. २. गुरुजींना विचारलं. प्रस्थान सायकलीचं ठेवलं आहे, ती पुढे गेली म्हणजे झालं, चालवणाऱ्याचं नाव संकल्पात घातलेलं नव्हतं. तर शनिवारी निघते, वणीला मुक्काम, रविवारी तुझ्याकडे. पाणी तापवून ठेव आणि नागलीची भाकरी. घाटात जीप पाठवू नकोस. चढवता आली नाही तर हाताने ढकलीन. गावात कुणी फ्लेक्स लावला तर तिथूनच परत फिरेन.

ता. क. ३. ह्यांना सांगणार आहे, लपवून जाणार नाही. शनिवारी सकाळी कोट अंगात घालून (पार्सलातला, मला थोडा मोठा होतो) दारातून ‘येते’ म्हणेन. ते ‘हं’ म्हणतील. संध्याकाळी चहा मागतील, तेव्हा त्यांना कळेल.