सुईभोवतीचा थर

बुकारामांगा, ९ ऑगस्ट

प्रिय एलिएसेर,

तुझं पत्र मिळालं. आई बरी आहे. सकाळी अजूनही तिघांपुरत्या मक्याच्या अरेपा थापते. गच्चीवरची टाकी गळत होती, ती शेजारच्या ओब्दुलियोने दुरुस्त करून दिली. विद्यापीठ सुरू झालंय.

तू विचारलेल्या गोष्टीकडे यायला माझा हात धजत नाहीये.

माझं काम घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. तापलेल्या बारीक सुईभोवतून द्रव वाहत असला, की सुईला लगटून एक पातळ थर तयार होतो. द्रवात धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले, तर त्या थरातून उष्णता किती पुढे जाते, एवढंच मी गणिताने शोधत होते. कागदावर. त्यात माणूस नव्हता.

त्या दवाखान्याने माझ्या लेखातली आकृती भिंतीवर लावली होती. खाली माझं नाव. तू बाबांना तिथे नेलंस, तेव्हा ते बघून हरखले असतील. आदल्या रविवारीच मला म्हणाले होते, "पोरी, तुझी ती सुई माझ्या यकृतातल्या गाठीत घालता येईल का गं?"

"बाबा, ते गणित आहे. औषध नाही."

"तू पहिल्यापासून भित्री. एलिएसेर बघ, काहीतरी हातपाय तरी हलवतोय."

मला वाटलं, चिडवताहेत.

मला कळलं असतं तर मी दारात आडवी पडले असते. म्हणूनच तू कळवलं नाहीस. तिथे तसा कणांचा द्रव गाठीत टोचल्यावर चढलेला ताप उतरलाच नाही. शेवटी माझा हात धरून त्यांनी विचारलं, "तुझ्या गणितात काही चुकलं का?"

"नाही, बाबा."

"मग माझंच शरीर नालायक निघालं," म्हणाले. त्याच समजुतीत गेले.

आणि आता तू लिहितोस, 'ताई, डॉक्टरवरच्या खटल्यात कोर्टात एवढंच सांग की उपचार शास्त्रशुद्ध होता. डॉक्टर सुटेल, बाबांना तिथे नेल्याच्या ठपक्यातून मीही सुटेन.'

नाही सांगणार. सोमवारी माझी साक्ष आहे. बाबांना तिथे कुणी नेलं असं विचारलं, तर तुझं नाव घेईन. तुला त्यांना वाचवायचं होतं, हेही सांगेन, कारण तेही खरं आहे.

आईला मी हे बोलले. ती म्हणाली, "खरं तेच सांग. पण त्याला म्हणावं, घरी ये."

साक्षीनंतरही तुझीच बहीण,
नेलिदा