रुंद भिंगच ठेवलंय

ताई,

तुझा डोळा लागला होता म्हणून न उठवता कामावर निघालोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

दारावरच्या कॅमेऱ्याला दोन्ही भिंगं लावून पाहिली. माझा जुना मोबाइलच तो, भिंगाशिवाय नुसतं पायपुसणं आणि समोरच्यांचं दार दाखवतो. पहिल्या भिंगातून चेहरा स्वच्छ दिसतो, पण भिंतीला चिकटून उभा राहिलेला माणूस काही दिसत नाही. मागच्या वेळी भावोजी तिथेच उभे होते. दुसरं भिंग जास्त रुंद आहे. त्यात कोपरा, जिना, सगळं येतं, फक्त कडेची माणसं वाकडीतिकडी दिसतात. शेजारच्या काकूंना कोपऱ्यात उभं करून दाखवलं, तर "मी काय एवढी भोपळ्यासारखी आहे का?" म्हणत फणकाऱ्याने आत गेल्या. तरी हेच ठेवलंय. चेहरा नीट नसला दिसत तरी भावोजींना तू नुसत्या उभं राहण्यावरून ओळखशील.

बेल वाजली की आधी तुझ्या मोबाइलमध्ये बघ, मगच कडी काढ. भिंग नुसतं चिमट्यावर बसवलंय, पुसायला जाऊ नकोस, पडेल.

परवा "दार उघडलंसच कशाला?" म्हणून तुझ्यावर ओरडलो, ते विसर. भावोजी दिसले तर दार उघडू नकोस, मला फोन कर. आणि उघडलंसच, तरीही फोन कर. मी काहीही विचारणार नाही, फक्त येईन.

धाकटा