म्हशीला काही झालेलं नाही

९ डिसेंबर
सकाळी सातला सुंदररावांचा फोन. 'म्याडम, म्हशीच्या कासंत गाठ हाय. जल्दी या.' अर्धा कप चहा तसाच टाकून निघाले. तेलगावच्या अलीकडे त्यांची वस्ती. कास चारी बाजूंनी दाबून पाहिली — मऊ. दूध तपासलं — स्वच्छ. गाठीचा पत्ता नाही! सुंदरराव मला गोठ्यात सोडून 'च्या सांगून येतो' म्हणून गेले ते अर्धा तास गायब. स्वतःच्या घरात चहा सांगायला अर्धा तास? त्यांच्या बायको गीताबाई म्हैस धरून उभ्या.
रजिस्टरमध्ये लिहिलं: म्हैस निरोगी.

१३ डिसेंबर
पुन्हा सुंदरराव. पुन्हा गाठ. पुन्हा काही नाही. आणि पुन्हा हे गृहस्थ गायब — या वेळी म्हणे ऊसतोडीच्या टोळीकडे.
आमचा शिपाई त्रिंबक म्हणतो, 'लई जीव हाय त्यांचा जनावरावर. म्हशीला शिंक आली तरी फोन. बायकू पडली तर म्हनतील, ऊठ, धार काढ.' हसले. मग घरी येईपर्यंत राग येत राहिला. अकरा वर्षं या जिल्ह्यात जनावरं बघतेय. म्हैस खात नाही म्हटलं की मोटारसायकली धावतात. बाई खात नाही म्हटलं की — 'उपास असंल.'

१४ डिसेंबर
लसीकरण. दोनशे शेळ्या. एकीने पाय तुडवला.

१८ डिसेंबर
तिसऱ्यांदा बोलावलं. चिडूनच गेले. सुंदरराव नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत पसार. मी कास दाबत होते, तेवढ्यात गीताबाई पहिल्यांदा बोलल्या. 'म्याडम, गाठ दुखत नसली तर बरी का वाईट?'
न दुखणारी जास्त वाईट, म्हटलं. पण तुमच्या म्हशीला नाहीच.
'आन् काखंत बी लागत आसली तर?'
म्हशीच्या काखेत कोण बघतं, असं मी चक्क विचारलं. बथ्थड!
त्यांनी बादली खाली ठेवली. माझा हात धरला आणि पदराखाली नेला, डावीकडे. 'बगा.' आवळ्याएवढी. टणक.
मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हटलं. म्हणाल्या, 'हात तर बाईचा हाय ना.'
कधीपासून? 'पोळ्यापासून.' दवाखान्यात का गेला नाहीत? 'तितं बाप्या डाक्टर हाय.' मग बीडला? 'आन् धार कोन काढनार? ही म्हैस माज्या हाताबिगर पान्हा सोडत न्हाई. सून बसली की लाथ मारती. आन् ह्यांना सांगू नका. लाजंनं मरंन मी.'
एका म्हशीपायी! ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, धार बाकी होती.

१९ डिसेंबर
दिवसभर डोक्यात तेच. शेवटी ठरवलं — म्हैस आडवी येते ना? मग म्हशीलाच न्यायचं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं: 'सदर म्हशीस कासेच्या विशेष तपासणीसाठी बीड येथे आणावे. धार काढणारी व्यक्ती सोबत असणे आवश्यक.' सही, शिक्का. नोकरीतला पहिला खोटा कागद. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.
सुंदररावांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. एक प्रश्न नाही. 'टेम्पो कवा सांगू?'
म्हशीसाठी टेम्पो. लगेच!

२३ डिसेंबर
बीड. जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात आमेर आहे, माझा वर्गमित्र. म्हशीभोवती दोन फेऱ्या मारून मला बाजूला घेतलं. 'अगं, हिला झालंय काय?' काही नाही, तीन तास लाव. त्याने लावले. रक्त घेतलं, शेण घेतलं, ताप दोनदा मोजला. म्हैस वैतागली.
सुंदररावांना सांगितलं, गीताबाईंना एका सहीसाठी घेऊन जाते. 'जावा की. सावकाश या. म्या धरतो हिला.' बस्स. बायको कुठे चालली, कसली सही, काही नाही! दावं धरून म्हशीच्या तोंडाकडे बघत बसले. असा माणूस नशिबी यावा, आणि त्याच्याचपुढे लाजून मरायचं.
जिल्हा रुग्णालयात बाई डॉक्टर भेटल्या. सोनोग्राफी झाली, मग सुईने तुकडा काढला. गीताबाईंनी मधेच विचारलं, 'म्हैस उन्हात तर न्हाई ना?'

२४ डिसेंबर
आमेरचा मेसेज: म्हशीचे सगळे रिपोर्ट उत्तम.

१ जानेवारी
गीताबाईंचाही रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टरबाई म्हणाल्या, संभाजीनगरला ऑपरेशन लवकर झालं तर बरं होण्यासारखं आहे, पण महिना घालवू नका.
गोठ्यात जाऊन सांगितलं. त्या धार काढत होत्या, थांबल्या नाहीत. बादली भरल्यावर म्हणाल्या, 'पाडवा झाल्यावर बगू. ह्यांना सांगायला तोंड न्हाई मला.' पाडवा! अडीच महिने! समजावलं, भांडले, हात जोडले. 'बगू' म्हणाल्या. रस्त्यात गाडी थांबवून रडले. मला भीती वाटते, ही बाई लाजेनेच जाणार.
उद्या मीच त्या माणसाला सांगते. शब्द मोडला तर मोडला.

२ जानेवारी
सुंदरराव बांधावर एकटेच भेटले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, 'किती वाईट हाय?'
म्हैस बरी आहे, म्हटलं — सवयीने.
'म्हशीला कवाच काय नव्हतं, म्याडम. दिवाळीत ती चोळी घालताना दिसलं मला. इचारायचं कसं? बाई डाक्टर घरी आनायची तर म्हशीचंच नाव घ्यावं लागलं.'
सगळं सांगितलं. ते खाली बघून ऐकत राहिले. मग म्हणाले, 'मला ठाव हाय हे तिला बोलू नका. आज म्याच इचारतो, बीडला काय म्हनले. तिच्याच तोंडानं निघू द्या. म्या नव्यानं ऐकतो.'