आईने दिलेले गुण

तांबरम, चेन्नई, ४ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते. न्हाणीघरात पडून आईचा पाय मुरगळला होता, तो आता बरा आहे. पण बाबांच्या मागे शहरातल्या मैलापूरच्या घरात ती एकटी पडते, तेव्हा ठरवायलाच हवं: तुझं नाशिक, माझं तांबरम, की मैलापुरातच दिवसभराची बाई ठेवून.

तू म्हणालास, तिघांनी पसंतीक्रम लिहू. मी गणित शिकवते, मला ते पटत नाही. क्रमात 'जरा कमी आवडतं' आणि 'मुळीच नको' सारखंच दिसतं. त्यापेक्षा प्रत्येकाने प्रत्येक घराला दहापैकी गुण द्यावेत. आईलाही सांगितलंय.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस.

तुझी,
क्षमा

नाशिक, १२ ऑगस्ट

चि. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

नाशिकला दहा, बाकी दोन्ही घरांना शून्य. हसू नकोस. ती पुन्हा पडली तर दार कोण उघडेल, या विचाराने मला झोप लागत नाही. तुझ्या पद्धतीत हीच खोट आहे बघ, ज्याला हवं त्याने गुण ताणावेत. क्रमात आरडाओरडा करता येत नाही, पहिला तो पहिलाच.

आईने काय दिलं ते कळव.

तुझा,
हेरंब

तांबरम, २१ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईने तिन्ही घरांना दहा दिले. म्हणजे तिचं मत असून नसल्यासारखं, आणि मीही तुझ्यासारखेच गुण ताणून तांबरमला दहा, बाकीच्यांना शून्य दिल्यामुळे आपण दोघं बरोबरीत. मग तुझं ऐकून तिच्याकडे क्रम मागितला. ती म्हणाली, "तुम्हां दोघांत वर कोण नि खाली कोण, हे मला विचारू नकोस गं."

ती घरांना नाही, आपल्याला गुण देत होती, दादा. मग मी आपली नावं बाजूला ठेवून विचारलं, सकाळी डोळे कुठे उघडावेसे वाटतात? क्षणभरही न थांबता म्हणाली, मैलापूर. शेजारच्या कनकामामी हाक मारतात, दोघी मिळून संगीतसभेत गाणं ऐकायला जातात. तिथे ती कुणाची आई नसते, नुसती विमला असते.

मी माझे गुण बदललेत. तुझं तू ठरव.

तुझी,
क्षमा

नाशिक, २९ ऑगस्ट

चि. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

मैलापूरला माझे दहा. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घे, बाई मात्र मी पुढच्या आठवड्यात येऊन बघितल्यावरच ठरव. डिसेंबरात पुन्हा रजा काढतोय, सभेची तिकिटं तिघांची काढ.

नाशिकला आता शून्य लिही. नको, आईने वाचलं तर तिला लागेल. नऊ लिही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
दादा