न आलेला ठसका

कशेळे, ता. कर्जत
दि. १७ नोव्हेंबर १९८५

चि. वाल्मिक यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चौथीतली कविता तुला चालीवर म्हणता येत नसे, म्हणून तुला ओट्यावर उभा करायचो, आठवतं का रे? तोच माझा पुतण्या मुंबईत औषधं शोधतो, हे मी पोस्टात भेटेल त्याला सांगत असतो.

काम असं की आपली भागी दिवाळीला माहेरी आली ती इथेच राहिली. खालापूरहून व्याह्यांचा निरोप आला, की सून सारखी खोकते, शेजारी क्षय म्हणतात. खोकला जाईल त्या दिवशी पाठवा, नाहीतर आमच्या नामाला दुसरी बायको करू. पोर दारात बसून रस्त्याकडे बघते. संध्याकाळी तिच्याकडे पाहिलं की वाऱ्यानं चुकून आमच्या अंगणात टाकलेलं पान वाटतं. क्षयबिय काही नाही, डॉक्टर दमा म्हणतात. दम्यावर काही नवं निघालं असेल तर पाठव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
मोरूकाका


मुलुंड
दि. २ डिसेंबर १९८५

ती. काकांस वाल्मिकचा सा. न. वि. वि.

निघालं आहे, पण अजून गिनीपिगांपुरतं. त्यांना काचेच्या पेटीत ठेवून मिरचीच्या अर्काची वाफ देतो. श्वासनळीत मज्जातंतूंची टोकं असतात, त्यांवर अगदी सूक्ष्म दारं. मिरची किंवा धूर ती दारं उघडतो, की तंतू बोंब मारतो आणि खोकला येतो. आमचं औषध ही दारं लावून ठेवतं. माणसाला अजून कुणी दिलेलं नाही. साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल. तरी भागीताईसाठी शंभर पुड्या पाठवतो. रोज सकाळी एक.

एवढं मात्र कवितेसारखं पाठ करा. खोकला हा राखणदार आहे. औषधानं तो गप्प होतो, पण धूर आत शिरायचा थांबत नाही आणि नळी आवळायची ती आवळतेच. आमचे तीन गिनीपिग एकदाही न खोकता मेले. पेटीत शांत बसले होते. आम्हाला वाटलं, बरे झाले. तेव्हा तिला धुरापासून लांब ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला पुड्यांचं सांगा. रोजचं कसं काय ते मला कळवा. माणसावर काय होतं ते बघायला मिळेल, हा माझाही स्वार्थ.

काकींना नमस्कार. माया आहे ती तशीच राहू द्या.
वाल्मिक


कशेळे
दि. १९ जानेवारी १९८६

चि. वाल्मिक यास आशीर्वाद.

जिंकलास! चाळीस दिवस झाले, पोरीला एक ठसका नाही. मी स्वतः एस.टी.नं तिला खालापूरला पोचवून आलो. व्याह्यांना शब्द दिला, की खोकला मुळातून गेला. पुड्या कुंकवाच्या करंड्यात दडवल्या आहेत आणि त्यांचं नाव काढणार नाही अशी तिला माझी शपथ घातली आहे. सांगा म्हणून तू लिहिलं होतंस. पण बाबा रे, सासर म्हणजे तुझी प्रयोगशाळा नव्हे. औषध घेणारी सून त्यांच्या लेखी आजारीच. त्यांच्याकडे गॅस आला आहे, धूर कसला!

हे ऋण कसं फेडू, या विचारात,
मोरूकाका


मुलुंड
दि. २७ जानेवारी १९८६

ती. काकांस सा. न. वि. वि.

सांगितलं नाहीत हे बरं केलं नाहीत. पण चाळीस दिवस! गिनीपिगांत आमची मजल बारा दिवसांपुढे गेली नव्हती. पुढचंही न चुकता कळवा.

आपला,
वाल्मिक


खालापूर
दि. ३ मार्च १९८६

ती. बाबांस भागीचा शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मीठ-मोहरी नि सात मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. सगळं घर ठसकलं, मांजर शिंकत पळालं, मी आपली तशीच बसलेली. सासूबाई म्हणाल्या की जिची काढली तिलाच ठसका नाय, म्हणजे लई जबर लागलीय, कोण तरी बसलंय हिच्यावर. नंतर माझ्या छातीवर पाटा ठेवल्यागत झालं. पण खोकला नाही, म्हणून कुणाला खरं वाटलं नाही.

येत्या सोमवारी अमावास्या. दारं-खिडक्या लावून मला ठसका येईपर्यंत मिरच्या टाकत राहायचं ठरलंय. ह्यांनी दोन किलो लवंगी आणलीय. बाबा, पुड्यांचं सांगून टाकू का? तुमची शपथ आहे म्हणून गप बसले. तुमचं पत्र येईल तसं करीन.

तुमच्या पाया पडणारी,
भागी


कशेळे
दि. ५ मार्च १९८६

चि. सौ. भागीस अनेक आशीर्वाद.

पुड्यांचं नाव काढशील तर परत इथे दारात येऊन बसशील. मग मी त्या माणसांना तोंड कसं दाखवू? मिरचीच्या धुरानं कोणी मेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. वाल्मिकनं गिनीपिगांचं काही लिहिलं होतं खरं, पण तू काही उंदीर नाहीस. शाळेच्या स्नेहसंमेलनात तू म्हातारीची नक्कल केली होतीस, सगळा वर्ग लोळला होता. तशीच पहिल्या धुराला चार-पाच खोटे ठसके दे आणि मोकळी हो. हे पत्र फाडून टाक.

नेहमी तुझं हित पाहणारा,
बाबा


कशेळे
दि. २३ मार्च १९८६

चि. वाल्मिक यास आशीर्वाद.

भागी गेली.

जावई सांगतात, की पहिल्याच मिरचीला ती खोकली. पण डोळ्यांत पाणी नाही, नाक लाल नाही. तिच्या सासूनं, सोनुबाईंनी, ओळखलं की ठसका खोटा आहे. म्हणाल्या की आतलं जे हाय तेच सोंग करतंय, आणि सगळी परडी शेगडीत रिकामी केली. धूर सोसेना म्हणून घरची माणसं बाहेर ओटीवर आली आणि बाहेरून कडी घातली. आतून आवाज नाही. त्यांना वाटलं, उतरलं असेल. अर्ध्या तासानं दार उघडलं, तर ती भिंतीला टेकून शांत बसलेली होती. तुझ्या त्या पेटीतल्यांसारखीच म्हणेनास.

सगळं गाव म्हणतं की बाधा फार मोठी होती. मीही तसंच म्हटलं. करंडा पिशवीत घालून आणला, उरलेल्या पुड्या नदीत सोडल्या. तूही कुठे बोलू नकोस, तुझ्या नोकरीचं आहे.

काल तेराव्याची पानं उठल्यावर व्याही माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले की मास्तर, झालं ते झालं, नामाचं वय हाय. तुमच्या बघण्यात एखादी निरोगी पोरगी असंल तर सांगा, तुमचा शब्द आमाला पुरे. मी मान हलवली. भिवपुरीच्या वसाहतीत माझी एक विद्यार्थिनी आहे, गुणी, कविता गोड म्हणते. तिच्या वडिलांना आजच्याच टपालानं लिहितो आहे.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा,
मोरूकाका